केप मेमधलं जुनं लाकडी घर घ्यावं का? आधी पाण्याचा माग काढा, मग रंगाचं बोला

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला त्याच राज्याच्या दक्षिण टोकावरच्या केप मे गावात १८८०च्या दशकातलं एक तीन मजली लाकडी घर आवडलं आहे. समुद्राकडच्या भिंतीचा रंग दर दोन-तीन वर्षांनी पोपडे धरून सुटतो. एक कंत्राटदार म्हणतो, वरून विनाइल साइडिंग, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण, चढवा, भिंतींत ऊब राखणारा फोम भरा, खिडक्या बदला, कटकट मिटेल. दुसरा म्हणतो, चांगल्यातला रंग लावा, पुरे. घरमालक म्हणतो, सँडी वादळातसुद्धा इथे पाणी आलं नव्हतं. घर उन्हाळ्यात काही आठवडे भाड्याने द्यायचा विचार आहे, आणि घरात लहान मुलगी आहे. ‘आम्ही मूळचे मालवणचे, समुद्राकाठच्या घराची सवय आहे. घर घ्यावं का, आणि घेतलं तर दोघांपैकी कोणाचं ऐकावं?’

मी दक्षिण जर्सीत अशाच घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून सविस्तर लिहितो. दोघांचंही ऐकू नका. दोघांनी रंग सुटणं हाच रोग धरला आहे. खरा प्रश्न असा आहे की भिंतीत पाणी शिरतं कुठून, आणि शिरलेल्या पाण्याला वाळून बाहेर पडायला वाट आहे का. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय रंगावर किंवा विनाइलवर एक डॉलरही खर्च करू नये. घर घ्यावं की नाही हे घर न बघता मला सांगता येणार नाही. ते पायावरच्या तुळईची अवस्था, जमिनीची उंची आणि जुनी वायरिंग यांवर ठरेल. पण त्यांत काय बघायचं ते सांगतो.

आधी घराचा सांगाडा समजून घ्या. नोव्हेंबर १८७८मध्ये केप मेला मोठी आग लागली आणि मध्यावरचा ३० एकरांहून मोठा पट्टा, त्यातल्या मोठमोठ्या हॉटेलांसकट, जळून गेला. काँग्रेस हॉल हे हॉटेल त्यानंतर १८७९मध्ये विटांनी बांधलं गेलं. बाकीचं गाव मात्र बहुतांशी पुन्हा लाकडातच उभं राहिलं, फक्त लहान आकारात. अवाढव्य हॉटेलांच्या जागी पडव्या, कोरीव कंस आणि उंच छपरांची घरं आली. तुमचं घर याच पिढीतलं आहे. लाकडाची या भागाला कमी नव्हती. याच कौंटीतल्या डेनिसव्हिलला तर दलदलीत गाडले गेलेले सीडरचे जुने ओंडके खणून काढून त्यांच्या छपराच्या चिपा करायचे, इतकं ते लाकूड पाण्यात टिकणारं होतं.

या काळातली बहुतेक घरं बलून फ्रेम पद्धतीची आहेत. म्हणजे भिंतीतले उभे खांब पायावरच्या तुळईपासून, जिला इथे सिल म्हणतात, थेट छपराच्या वाशांपर्यंत सलग जातात. बाहेरून क्लॅपबोर्डच्या एकमेकींवर चढलेल्या आडव्या फळ्या, आतून लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा, आणि मध्ये पोकळी. ही पोकळी मजल्यागणिक बंद केलेली नसते, तळापासून माळ्यापर्यंत मोकळी असते. या एका गोष्टीवर घरातलं जवळजवळ सगळं अवलंबून आहे. पाऊस फळ्यांच्या मागे थोडाफार जातोच, तो याच पोकळीतल्या हवेमुळे वाळतो. जुन्या विजेच्या तारा याच पोकळीतून गेलेल्या असतात. आणि आग लागली तर ती याच पोकळीतून काही मिनिटांत माळ्यावर पोचते.

मालवणच्या सवयीचं म्हणाल तर ती अर्धी उपयोगी पडेल. पावसाळ्यात पडवीला झावळ्यांचे झाप बांधतात, ते झडीचा मारा अंगावर घेतात, पण त्यांच्या मागे वारा खेळता राहतो आणि पाऊस सरला की ते सोडता येतात. क्लॅपबोर्डच्या फळ्यांचं कामही तेच आहे. पण चिऱ्याची भिंत ओल पिते आणि सावकाश सोडते, तसं ही पोकळ लाकडी भिंत करू शकत नाही. शिवाय इथे हिवाळा आहे. घर आतून तापवलं की स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ गार भिंतीकडे सरकते आणि तिथे तिचं पाणी होतं. यातली बरीच घरं मुळात फक्त उन्हाळ्यासाठी बांधलेली होती. नंतर कोणीतरी हीटिंग घातलं, न्हाणीघरं वाढवली, आणि भिंतीला आतूनही ओल लागू लागली. कोकणात आपल्याला ही बाजू कधी बघावी लागत नाही.

आता रंगाकडे. पुढच्या वेळी घर बघायला जाल तेव्हा सुटलेला एक पोपडा मालकाच्या परवानगीने हातमोजे घालून उचला, पिशवीत घाला आणि तो जिथून निघाला ती जागा बघा. तिथे उघडं लाकूड दिसतंय, म्हणजे रंगाचे सगळे थर एकदम सुटले आहेत, तर बहुतेक वेळा पाणी फळीच्या मागून येतं आहे. मागे जुन्याच रंगाचा थर दिसला, तर भांडण थराथरांतलं आहे: जुन्या चकचकीत तेलरंगावर न घासता नवा हात मारलेला, किंवा फळ्यांवर बसलेलं मीठ न धुता रंगवलेलं. समुद्राकाठी हे दुसरं कारण फार आढळतं. मिठाचा थर डोळ्याला दिसत नाही, पण तो हवेतली ओल ओढून धरतो आणि त्याच्यावरचा रंग कधीच नीट बसत नाही. गोड्या पाण्याने भिंत धुवून, पूर्ण वाळू देऊन मग रंगवणं एवढ्यानेच अशा घरांचा रंग कितीतरी जास्त टिकतो.

रंग कुठे सुटतो हेही लिहून काढा. पन्हळीच्या खाली पट्टा उमटला असेल तर पन्हळ गळते आहे. या काळातल्या पुष्कळ घरांत पन्हळ बाहेर टांगलेली नसते, छपराच्या कडेच्या लाकडी पेटीतच पत्रा घालून केलेली असते. तो पत्रा फाटला की पाणी थेट भिंतीच्या पोकळीत उतरतं आणि खालून काहीच दिसत नाही. खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन्ही टोकांखाली पोपडे असतील तर तिथला सांधा उघडला आहे. न्हाणीघराच्या बाहेरच्याच चौकोनात असतील तर ओल आतून येते आहे, आधी बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. जमिनीलगतच्या खालच्या फळ्यांवर असतील तर माती वर चढली आहे, किंवा कोणीतरी फुलझाडांचा वाफा भिंतीला टेकवून केला आहे. आणि संपूर्ण भिंतीवर सारखेच सुटत असतील तर मीठ, ऊन आणि घाईने केलेली तयारी यांच्यावर संशय घ्या.

लाकडाची ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर स्वस्तात मिळतं, ते घ्याच. १५ टक्क्यांच्या वर ओल असलेल्या लाकडावर आम्ही रंग लावत नाही. ओल २० टक्क्यांच्या वर सतत राहत असेल तर कुजण्याची तयारी सुरू झाली असं समजतो. दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर मोजा. कोरड्या जुलैतल्या आकड्यांवर विसंबू नका.

विनाइलला माझा विरोध का, ते आता सांगतो. विनाइल गळणारी पन्हळ दुरुस्त करत नाही, तिचं गळणं झाकतं. आजवर रंगाचे पोपडे तुम्हाला ओरडून सांगत होते की इथे पाणी आहे. ते दिसायचे बंद होतील आणि मागे सिल कुजत राहील. शिवाय विनाइल सपाट बसावं म्हणून खिडक्यांच्या चौकटींचं नक्षीकाम, कंस, कोपऱ्यांच्या पट्ट्या छाटल्या जातात, त्या परत मिळत नाहीत. फोम तर त्याहून वाईट. भिंतीच्या पोकळीत तो फुगून घट्ट बसला की वाळायची वाट बंद होते, आणि जुन्या तारांभोवती बसला तर त्यांची उष्णता बाहेर पडत नाही. उलट काढायचा म्हटलं तर गिलावा किंवा फळ्या उखडाव्या लागतात. ऊब हवी असेल तर माळ्याच्या तळाशी इन्सुलेशन घाला, फटी बुजवा, घराच्या तळाकडून येणारा वारा अडवा. उष्णता वरून बरीच निसटते, आणि तिथे घातलेली वस्तू उद्या काढताही येते.

दुसरं म्हणजे, हे सगळं करायची मुभा तुम्हाला असेलच असं नाही. केप मे शहराला १९७६मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आहे आणि गावाचं स्वतःचं हिस्टॉरिक प्रिझर्वेशन कमिशन आहे. ऐतिहासिक विभागात बाहेरून दिसणाऱ्या बदलांना त्यांची मंजुरी लागते. मूळ लाकूड काढून किंवा झाकून विनाइल लावायला ती मिळेल असं गृहीत धरून कंत्राटावर सही करू नका. लोक या कमिशनकडे अडथळा म्हणून बघतात, मला ते पटत नाही. मार्च १९६२च्या वादळाने गावाची दैना केली, त्यानंतर कितीतरी जुन्या इमारती पाडल्या गेल्या. १८७९चं एमलेन फिझिक यांचं घरही पडायच्या बेतात होतं. १९७०मध्ये लोकांनी संस्था काढून ते वाचवलं. आज ते संग्रहालय म्हणून उघडं आहे, जरूर बघा. फिलाडेल्फियाचे वास्तुविशारद फ्रँक फर्नेस यांचं काम म्हणून ते ओळखलं जातं. भिंतींवर उघड्या ठेवलेल्या लाकडी पट्ट्या, भक्कम कंस आणि उलटी ठेवल्यासारखी दिसणारी धुराडी नीट न्याहाळा. लाकडाच्या घराचा सांगाडा बाहेरून कसा वाचायचा ते तिथे पटकन कळतं.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. मूळ लाकडी खिडक्या सावकाश वाढलेल्या जुन्या झाडांच्या घट्ट लाकडाच्या आहेत आणि तुकड्या-तुकड्याने दुरुस्त होतात: दोरी, पुट्टी, एखादी काच, खालच्या पट्टीला लाकडाचं ठिगळ. नव्या जोडकाचेच्या खिडकीची सीलबंद हवा गेली की अख्खा संच बदलावा लागतो. जुन्या ठेवा, बाहेरून स्टॉर्म विंडो, म्हणजे वाऱ्यापावसाला अडवणारी जादा खिडकी, बसवा आणि तिच्या खालची पाणी निघायची बारीक भोकं रंगाने बुजू देऊ नका. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या मात्र खाऱ्या हवेला टिकणाऱ्याच वापरा. समुद्राच्या इतक्या जवळ मी ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील वापरतो. साध्या खिळ्याचा गंज फळीवर उतरतो आणि त्याच भोकातून पाणी आत जातं.

आता पुराचं, आणि इथे मालकाचं वाक्य तुम्हाला फसवू शकतं. सँडी २९ ऑक्टोबर २०१२ला ब्रिगँटाइनजवळ, म्हणजे केप मेच्या बरंच उत्तरेला, किनाऱ्यावर आलं. केप मे वादळाच्या डाव्या बाजूला पडलं, वारा जमिनीकडून समुद्राकडे होता, म्हणून सगळ्यात मोठा तडाखा उत्तरेच्या किनाऱ्याला बसला. त्यानंतर २३ जानेवारी २०१६च्या हिमवादळात केप मेच्या भरतीमापकावर सँडीपेक्षाही किंचित जास्त पातळी नोंदली गेली, आणि त्या वादळाचं नावही पुष्कळांच्या लक्षात नाही. तेव्हा ‘सँडीत काय झालं’ एवढंच विचारू नका, ‘जानेवारी २०१६मध्ये काय झालं’ हेही विचारा. न्यू जर्सीत मार्च २०२४पासून विक्रेत्याला पुराबद्दलची माहिती लेखी द्यावी लागते, ती नीट वाचा. घराचं एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घर किती उंचीवर आहे याचा मोजणीचा दाखला, मागा. नसेल तर सर्व्हेयरकडून करून घ्या. आणि विम्याचा खरा आकडा करार पक्का होण्याआधी हातात हवा, अंदाज नको.

सरकारी पूर विमा एका कुटुंबाच्या घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलरपर्यंत मिळतो. त्यातही नव्याने बांधण्याची किंमत देण्याची सोय मुख्य निवासासाठी आहे. सुट्टीच्या दुसऱ्या घराला घसारा वजा करून भरपाई मिळते. दीडशे वर्षं होत आलेल्या लाकडात घसारा किती धरतील याचा विचार करा. वरच्या रकमेसाठी खाजगी पूर विम्याची चौकशी करावी लागेल.

याच ठिकाणी विनाइलचा मुद्दा पुन्हा येतो. पूरक्षेत्रातल्या इमारतीवर तिच्या बाजारभावाच्या निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च केला, तर साधारणपणे ती आजच्या पूरनियमांत बसवावी लागते, म्हणजे बहुधा अख्खं घर उचलून उंच करावं लागतं. ऐतिहासिक इमारतींना यातून सवलत मिळू शकते, पण काम करूनही इमारतीचा ऐतिहासिक दर्जा टिकला पाहिजे अशी अट आहे. मूळ फळ्या, खिडक्या, पडवीचं काम उखडून टाकलं तर दर्जाच धोक्यात येतो आणि सवलतही. एका स्वस्त वाटणाऱ्या कामाची किंमत अशी दुसऱ्याच खात्यात भरावी लागते. सवलत मिळाली तरी पाणी सवलत देत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. बॉयलर, विजेची पेटी, वॉटर हीटर वरच्या मजल्यावर न्या. पायाच्या भिंतीत पुराचं पाणी आत येऊन परत निघून जाईल अशी झडपं ठेवा. त्यांचं नेहमीचं माप आतल्या दर चौरस फुटामागे एक चौरस इंच आहे. पाणी अडवून धरलं तर त्याच्या दाबाने पायाच्या विटा ढकलल्या जातात.

मुलीबद्दल लिहिलंत, म्हणून शिशाच्या रंगाबद्दल स्पष्ट सांगतो. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरण्यावर १९७८मध्ये बंदी आली. तुमच्या घरात त्याच्या आधीचे शंभर वर्षांचे थर आहेत, त्यांत शिसं असणारच असं धरून चाला. कायद्याने तुम्हाला तपासणीसाठी दहा दिवसांची संधी मिळते, ती सोडू नका. रंग खरवडणारा कंत्राटदार ‘ईपीए’ या केंद्राच्या पर्यावरण खात्याचं शिसे-सुरक्षिततेचं प्रमाणपत्र असलेलाच हवा. खरवडणं ओलं करून व्हायला हवं, खाली प्लास्टिक अंथरून, आणि त्या दिवसांत मुलगी घरात नको. ज्योतीने रंग जाळून काढण्याची परवानगी कोणालाही देऊ नका. एक तर शिशाची वाफ, आणि दुसरं म्हणजे ती मोकळी पोकळी. ठिणगी फळीमागे गेली तर कारागीर जेवायला गेल्यावर माळा पेटलेला दिसतो.

घर भाड्याने दिलं तर दुरुस्तीखर्चाच्या २० टक्के केंद्राची ऐतिहासिक कर-सवलत मिळेल असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं आहे. ती फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतींना आहे, आणि साधारण दोन वर्षांत केलेला दुरुस्तीखर्च इमारतीच्या करासाठी धरलेल्या किमतीपेक्षा, जमीन वगळून, जास्त असावा लागतो. केप मेच्या किमतींना नुकत्याच घेतलेल्या घरात एवढा खर्च क्वचितच होतो. त्यात तुम्ही स्वतःही राहणार असाल तर गुंता वाढतो. सीएला विचारा, पण हा पैसा हिशेबात धरून घर घेऊ नका.

पैसे कोणत्या क्रमाने घालावेत, तर सगळ्यात आधी छप्पर आणि पन्हळी. मग जमिनीचा उतार घरापासून दूर करणं आणि घराखालच्या क्रॉलस्पेसची, म्हणजे सरपटत जाण्याइतक्या बुटक्या जागेची, हवा, त्यानंतर सिल आणि पडवीच्या खांबांचे तळ. वायरिंग त्याच सुमाराला, कारण पोर्सिलेनच्या नळ्यांतून गेलेल्या जुन्या तारा चालू असतील तर विमा कंपन्या हात आखडतात. मजल्यांच्या पातळीवर पोकळी अडवून आगीची वाट बंद करणंही तेव्हाच उरकावं, फक्त ते सिलच्या जवळची हवा कोंडणार नाही अशा बेताने. खिडक्या त्याच्या मागून. रंग शेवटी. आणि रंग लावताना फळीची कापलेली टोकं प्रायमरने भिजवून घ्या, पाणी तिथूनच सगळ्यात आधी शिरतं. ते केलंत तर दोन-तीन वर्षांची कटकट बरीच लांबते. पण दर वसंतात भिंत धुणं, सांधे बघणं, पन्हळी साफ करणं हे काम कायमचं आहे. एडिसनहून दर खेपेला येऊन ते करणार कोण, हे नवरा-बायकोने घर घेण्याआधी ठरवा. जवळपासचा एक भरवशाचा सुतार मिळाला नाही तर मी तरी घाई करणार नाही.

इथे करारावर सह्या झाल्यावर वकिलाच्या तपासणीला तीन कामाचे दिवस मिळतात. त्यात तपासणीची अट वकिलाकडून पक्की करून घ्या आणि नेहमीच्या होम इन्स्पेक्टरबरोबर जुन्या लाकडाचं काम करणारा सुतार घेऊन जा. त्याला क्रॉलस्पेसमध्ये उतरवा आणि सिलमध्ये दर काही फुटांवर टोच्या खुपसायला सांगा. टोच्या पाव इंचावर थांबला तर लाकूड जिवंत आहे. एका कोपऱ्यात तो सहज आत गेला तर तेवढा तुकडा बदलता येतो, किमतीत घासाघीस करा. समुद्राकडच्या आणि आणखी एका बाजूची सलग सिल गेलेली असेल, आणि वर कोणीतरी आधीच फोम भरून ठेवला असेल, तर हे घर सोडून द्या. त्या गावात या काळातली घरं शेकड्यांनी आहेत, आणि त्यांत कोरड्या सिलचीही आहेत.